अलास्का: क्रूझ घ्यावी की मोटरहोम? (आठ माणसं, त्यात एक निवृत्त एसटी ड्रायव्हर)

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी मेअखेर अलास्काला जायचं घाटतंय. मुलाची शाळा जूनच्या मध्याला उघडते, त्यामुळे तारखा फार हलवता येत नाहीत. माणसं आठ. आम्ही तिघं (मुलगा आठवीत), आई-बाबा, आणि सिएटलहून बहीण, दाजी आणि त्यांची सहा वर्षांची लेक.

दाजींनी मोटरहोमचं खूळ डोक्यात घेतलंय. झोपायला पलंग, स्वयंपाकाला गॅस, मागे संडास, वाटेल तिथं गाडी लावायची. बायकोचं म्हणणं एकच, "सांगलीत ओट्यापाशी आणि तिथंही ओट्यापाशी? मग घरीच बरी." तिला क्रूझ हवी. आईच्या गुडघ्यांना जिने नकोत. बाबा सांगली डेपोतून निवृत्त झालेले एसटी ड्रायव्हर. त्यांना मोटरहोमचे फोटो दाखवले तर पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा, "चालवायला मला देतील का?"

दोन्ही केलेल्यांनी जरा सविस्तर लिहा. यूट्यूबवर सगळंच छान दिसतं.

भडंगप्रेमी
ॲव्हरेज लिटरला साडेतीन ते चार किलोमीटर. बाबांना खुर्चीत बसवून मग सांगा.

सिएटलकर मिरजवाला
दोन्ही केलंय, म्हणून लिहितो. पण आधी व्हिसा, कारण तारखा आणि बजेट सगळं त्यावरच अडतं.

अमेरिकेत 1886 चा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी थेट नेऊ शकत नाही. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी नोंदणीची. म्हणून सिएटलहून सुटून सिएटललाच परतणारी जहाजंसुद्धा मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी काही तास थांबतात. कोरोनात कॅनडानं बंदरं बंद केली तेव्हा 2021 च्या हंगामापुरती अमेरिकन संसदेला या कायद्यातून खास सूट द्यावी लागली होती, नाहीतर अलास्काचा तो अख्खा हंगाम बुडाला असता.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा आणि कॅनडाचा, दोन्ही व्हिसे लागणार. व्हिक्टोरियाला जहाजातून खाली उतरणार नसलात तरी. बहीण-दाजी एच-वन-बीवर असतील तर त्यांनाही कॅनडाचा व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर नाही. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना, तेही बघून घ्या. मुंबईच्या मुलाखतीच्या तारखेला किती महिने लागतील याचा नेम नसतो, त्यामुळे ते आधी. कॅनडाचे बायोमेट्रिक्स पुण्यात होतात, तेवढा मुंबईचा हेलपाटा वाचतो.

क्रूझ आणि मोटरहोमचं रात्री लिहितो.

डोंगरभटक्या (सातारा)
क्रूझ म्हणजे तरंगता मॉल. कॅसिनो, बुफे, लिफ्टमध्ये गर्दी. एका बंदरात एका दिवशी चार-पाच जहाजं लागतात, छोट्याशा गावात हजारो माणसं बाहेरून ओतली जातात. जंगल बघायला जायचं तर जंगलात राहा की. मोटरहोमला माझं मत.

कृष्णामाई
डोंगरभटक्या, तुमचे गुडघे अजून चांगले आहेत, असेच राहोत. आम्ही दोघं क्रूझनं जाऊन आलो. मॉल वगैरे आहेच, पण त्यात जायची कुणी सक्ती करत नाही.

ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानातला दिवस सांगते. तिथं रोज दोनच मोठ्या जहाजांना परवानगी असते. सकाळी एक छोटी बोट जहाजाला येऊन चिकटते आणि उद्यानाचे रेंजर वर चढतात. मग दिवसभर माइकवरून तेच बोलतात. त्यांनी सांगितलं की 1794 साली जॉर्ज व्हँकूव्हरच्या माणसांनी ही खाडी पाहिली तेव्हा खाडी नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आज तिथून आत शंभरेक किलोमीटर पाणी आहे आणि आपलं जहाज त्या पाण्यातून जातंय. हे ऐकल्यावर आमचे हे डेकवरून आत यायलाच तयार होईनात.

मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज इंजिन मंद करून उभं राहतं आणि हळूहळू गोल फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. बर्फ पांढरा असेल असं वाटलं होतं. तो निळा असतो, चिरांमध्ये तर शाईसारखा. एक भला मोठा कडा सुटला. तो पडताना दिसला, पाणी उडालेलं दिसलं, आणि आवाज त्यानंतर येऊन पोचला. अंतरामुळे. त्या दोन-तीन सेकंदांत डेकवर कुणी बोलत नव्हतं.

तर गुडघे दुखत असतील तर क्रूझ. हे सगळं मी खुर्चीत बसून, अंगावर ब्लँकेट घेऊन बघितलं.

विश्रामबागकर
काकू, फार छान लिहिलंत. आईला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न आहे (हसू नका), संकष्टीला चंद्रोदय तिथं कधी असतो? तिकडे रात्रच होत नाही म्हणे.

कृष्णामाई
हसायचं काय त्यात, मलाही पडला होता. अँकरेजला जूनच्या मध्यावर सूर्य मावळतो रात्री साडेअकराच्या पुढं आणि पहाटे साडेचारच्या आत परत हजर. मावळला तरी पूर्ण काळोख होत नाही. मी सरळ सांगलीची वेळ धरली. उन्हाळ्यात अलास्काचं घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागं असतं. सांगलीत रात्री पावणेदहाला चंद्र उगवला की तिथं सकाळचे सव्वाआठ. उपास नाश्त्याच्या वेळेलाच सुटतो. आईंना सांगा, एवढी सोयीची संकष्टी परत मिळायची नाही.

भडंगप्रेमी
मी चाललो अलास्काला कायमचा.

सिएटलकर मिरजवाला
हां, आता क्रूझ. दोन प्रकार.

एक, सिएटल ते सिएटल. विमानाचं तिकीट सोपं, बहिणीचं घर तिथंच, दर बऱ्यापैकी. पण ही जहाजं बऱ्याचदा व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. तिथं लाटा लागतात. आईंना गाडी लागत असेल तर याचा विचार करा.

दुसरा, व्हँकूव्हरहून उत्तरेकडे, एकेरी. हे बेटांच्या आडोशानं जातं, पाणी बहुतेक शांत, आणि शेवट सुअर्ड किंवा व्हिटिअरला. म्हणजे तुम्ही थेट अलास्काच्या मुख्य भूमीवर उतरता. पुढं डेनाली, अँकरेज, कीनाय, सगळं जमिनीवरून. अमेरिकेचं इमिग्रेशनही व्हँकूव्हरच्या बंदरावरच, चढायच्या आधी होऊन जातं. विमानाचं तिकीट मात्र एका गावात उतरून दुसऱ्या गावातून परत असं काढावं लागतं.

माझा कौल दुसऱ्याला. सिएटल ते सिएटल करणाऱ्याला अलास्काचा किनारा दिसतो, आतला मुलूख दिसत नाही. डेनाली, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात उंच शिखर, 6190 मीटर, ते किनाऱ्यावरून कुठून दिसणार?

केबिन घेताना उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजात बरेच जण उजवी बाजू मागतात, मुख्य भूमी त्या बाजूला राहते म्हणून. आतल्या मार्गात दोन्हीकडं डोंगर असतात आणि ग्लेशियरपाशी जहाज फिरतंच, त्यामुळे त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मेमध्ये बिनखिडकीची केबिन माणशी हजार डॉलरच्या आत मिळून जाते, बाल्कनी दीडपट ते दुप्पट. वर बंदराचे कर, आणि माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर टिप, ती आपोआप बिलात येते. आई-बाबांना बाल्कनी द्या. तुम्हाला आतली चालेल, तुम्ही तिथं फक्त झोपणार.

मे महिना म्हणाल तर घाबरू नका. किनाऱ्याच्या त्या भागात मे हा त्यातल्या त्यात कमी पावसाचा. केचिकनला वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर पडतो, सांगलीच्या माणसानं हा आकडा दोनदा वाचावा. शिवाय जूनअखेर-जुलैत आतल्या भागात डास उठतात, ते तुम्हाला लागायचे नाहीत. डोंगरांवर बर्फ भरपूर असतं, पण उंचावरच्या पायवाटाही बर्फाखाली असतात.

पेढेवाली
महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर पडतो. आमच्या साताऱ्याला केचिकनचं कौतुक सांगू नका :)

ऑगस्टअखेर गेलं तर नॉर्दर्न लाइट्स दिसतात ना? आणि टुंड्रा लाल-पिवळा होतो म्हणे.

सिएटलकर मिरजवाला
दिसू शकतात. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून रात्री पुरेशा काळ्या होतात, फेअरबँक्सच्या बाजूला जास्त. पण तेव्हा शाळा चालू आणि गणपती तोंडावर. सांगलीतल्या कुणाला गणपतीत घराबाहेर काढून दाखवा.

विश्रामबागकर
गणपती सोडून जाणं शक्यच नाही. मेअखेर नक्की.

मोटरहोमबद्दल कुणी लिहा की. दाजी रोज लिंक पाठवतायत.

चालक मालक कराड
भावा, मी मोटरहोम चालवलेली नाही. आमच्या इथं ट्रक आणि दोन बस आहेत. पण माझा चुलत भाऊ तिकडं असतो, त्यानं तीस फुटी घेतली होती, फोनवर सगळं ऐकलंय आणि फोटो बघितलेत. चालवण्याचं मी सांगतो.

पहिलं, मागचा भाग. मागच्या चाकांच्या मागं बरीच बॉडी बाहेर असते. डावीकडं वळण घेतलं की शेपूट उजवीकडं फिरतं. पेट्रोल पंपावरून निघताना लोक हीच चूक करतात आणि पंपाचा खांब घेऊन जातात. बाबांना हे सांगायची गरज नाही, त्यांची हयात बसस्टँडात बस फिरवण्यात गेली. दाजींना सांगा.

दुसरं, उतार. गिअर खाली घेऊन इंजिनवर उतरवायची, ब्रेकवर पाय ठेवून न्हाई. ऑटोमॅटिक असली तरी खालचा गिअर असतो तिला.

तिसरं, वारा. उंच डबा, बाजूनं वारा आला की ढकलतो. वेग कमी ठेवायचा.

आणि तिथं एक कायदा मला लई आवडला. तुमच्या मागं पाच गाड्या साठल्या की बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यायचंच, दंड आहे. आपल्याकडं उसाच्या ट्रॅक्टरला लावा रे कुणीतरी.

बाबांचं वय किती? लायसन चालू आहे का?

विश्रामबागकर
68. लायसन चालू आहे. नजर चांगली. पण गाडी रस्त्याच्या उजवीकडून आणि स्टिअरिंग डावीकडं, हे आयुष्यात केलेलं नाही.

चालक मालक कराड
मग आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, वर्षभराची मुदत असते. भाड्यानं देणारे वयाची खालची अट घालतात, वरची बहुतेक नसते. पण साहेब, 68 व्या वर्षी उलट्या बाजूनं, तीस फुटी, घरची आठ माणसं आत. मी माझ्या वडिलांना दिली नसती. शेजारच्या सीटवर बसवा, रस्ता त्यांनाच जास्त दिसेल.

सिएटलकर मिरजवाला
कराडकरांनी चालवण्याचं नेमकं सांगितलं. राहण्याचं मी सांगतो, कारण जाहिरातीत ते नसतं.

गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक बेसिन आणि अंघोळीच्या सांडपाण्याची, एक संडासची. दोन-तीन दिवसांनी शेवटच्या दोन रिकाम्या कराव्या लागतात. त्याला डंप स्टेशन. हातमोजे घालायचे, जाड नळी गाडीच्या तोंडाला फिरवून घट्ट बसवायची, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात, त्यावर दगड किंवा पाय, कारण ती उसळते. आधी संडासची टाकी सोडायची. ती रिकामी झाली की मग सांडपाण्याची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. क्रम उलटा केलात तर नळी तशीच घाण घेऊन डिकीत बसते आणि पुढचे तीनशे किलोमीटर सगळ्यांना कळत राहतं. कॅम्पग्राउंडवर नळी कायम जोडून ठेवायची सोय असली तरी संडासचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पातळ निघून जातं आणि बाकीचं आत थिजतं. यापुढं वर्णन करत नाही, लोक जेवत असतील.

घरात एक प्रश्न विचारा: हे काम कोण करणार? ज्या घरात या प्रश्नावर लगेच एक हात वर होतो त्यांनी मोटरहोम घ्यावी. बाकीच्यांनी निसर्गाबद्दल बोलू नये.

दुसरं म्हणजे माणसं. "सहा जण झोपतात" याचा अर्थ: मागे एक डबल पलंग, ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग (छोटी शिडी चढून, बसायला उंची नाही), आणि जेवणाचं टेबल खाली पाडून त्यावर गादी टाकून एक. तुम्ही आठ. शिवाय पट्टे असलेल्या सीट मोजून घ्या, पलंग नाही. चालत्या गाडीत कुणीही मागच्या पलंगावर आडवं पडायचं नसतं. म्हणजे दोन गाड्या आल्या. दोन गाड्या म्हणजे दोन ड्रायव्हर, दुप्पट भाडं, दुप्पट पेट्रोल. जूनपासून ऐन हंगामात दिवसाला अडीचशे-तीनशे डॉलरच्या खाली सहसा काम होत नाही, वर विमा, वर मैलांचा हिशोब, वर कॅम्पग्राउंड. मेमध्ये थोडं उतरतं.

"वाटेल तिथं गाडी लावायची" हेही अर्धंच खरं. डांबरी रस्त्यावर ठीक. पण डेनाली हायवे, मॅकार्थी रोड, डाल्टन हायवे या खडीच्या रस्त्यांवर भाड्याची गाडी न्यायला बहुतेक कंपन्या मनाई करतात. आणि खुद्द डेनाली उद्यानात खाजगी गाडी पहिल्या 15 मैलांपर्यंतच जाते. पुढं उद्यानाची बस. तोही रस्ता 2021 च्या ऑगस्टमध्ये प्रिटी रॉक्सपाशी डोंगर सरकल्यानं 43 व्या मैलाच्या आसपास बंद झाला, तिथं पूल बांधायला घेतलाय. जाण्याआधी उद्यानाच्या साइटवर बघा. बस साधारण 20 मेपासून सुरू होतात, तुमच्या तारखांना जमतं.

डोंगरभटक्या (सातारा)
मिरजवाले, टाकीचं वाचून माझं मत डळमळलं हे मान्य. पण क्रूझवाले बंदरात उतरून काय करतात? दुकानात फिरतात. सोनं, हिरे, टी-शर्ट.

कृष्णामाई
दुकानात फिरणारे फिरतात. आम्ही स्कॅगवेला रेल्वेत बसलो. व्हाइट पास रेल्वे. क्लोंडाइकच्या सोन्यासाठी माणसं डोंगर चढून मरत होती तेव्हा 1898 ला बांधायला घेतली आणि 1900 मध्ये पुरी केली. तीस-बत्तीस किलोमीटरमध्ये समुद्रापासून जवळजवळ 2900 फूट चढते. वर जाताना डावीकडं बसायचं. परतताना ते लोकच बाजू बदलायला लावतात. समिटला खाली उतरायचं नसतं. आमचे हे मिरजेच्या रेल्वे कॉलनीत वाढले, कुर्डुवाडीची नॅरोगेज त्यांच्या लहानपणाची. पूर्ण वेळ खिडकीतून डोकं बाहेर आणि मला सांगतायत, "ही तीन फुटी आहे, आपली अडीच फुटी होती." एवढ्या लांब जाऊन माणूस रुळांमधलं अंतर मोजतो.

हळदबाजार
काकू, तुमच्या ह्यांना आमचा नमस्कार. माझे वडीलही त्याच गाडीनं पंढरपूरला जायचे.

खाण्याचं काय हो? आम्ही शाकाहारी, आई कांदा-लसूणही खात नाहीत.

कृष्णामाई
बुकिंगच्या वेळीच कळवायचं, आणि चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी जेवणघराच्या मुख्य माणसाला भेटायचं. स्वयंपाकघरात आणि वाढणाऱ्यांत आपली माणसं बरीच असतात. आम्हाला वरण-भात मिळाला, भाजी मिळाली, पोळी मात्र जाड. घरून थेपले, चटण्या, लोणचं, भडंग, खजूर न्या, बंद पाकिटात. इलेक्ट्रिक किटली, राइस कुकर, इस्त्री चालत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका जोडप्याची किटली चढतानाच काढून ठेवली, शेवटच्या दिवशी परत दिली.

विमानतळावर मांसाचं काहीही, ताजी फळं, कढीपत्ता, बिया नेऊ नका आणि काय नेताय ते विचारलं की सरळ सांगा. बंदरावर घेतलेलं फळही जहाजावर आणता येत नाही.

सिएटलकर मिरजवाला
मोटरहोमला यात एक मुद्दा जास्त: अस्वलं. स्वयंपाक गाडीच्या आत करा, बाहेरच्या टेबलावर काहीही ठेवून झोपू नका. खरकटं, कचऱ्याची पिशवी, टूथपेस्टसुद्धा. फोडणीचा वास अस्वलाला आवडतो की नाही याचा प्रयोग करू नका. पायवाटेवर जाताना अस्वलाचा स्प्रे जवळ ठेवा. तो विमानात चालत नाही, ना हातात ना सामानात, त्यामुळे तिथंच विकत घ्यायचा आणि तिथंच कुणाला तरी देऊन यायचा.

पेढेवाली
माझं आजोळ पाटणचं, म्हणून एक विचारते. तिथं मोठा भूकंप झाला होता ना? त्याच्या खुणा दिसतात का? कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा आजी अजून तारीखवार सांगायची.

सिएटलकर मिरजवाला
दिसतात. 27 मार्च 1964, गुड फ्रायडेची संध्याकाळ, 9.2 तीव्रतेचा. अमेरिकेत नोंदलेला सगळ्यात मोठा. जमीन साडेचार मिनिटं हलत होती. अँकरेजहून सुअर्डला जाताना टर्नअगेन आर्म या खाडीच्या कडेनं रस्ता जातो. पोर्टेजच्या जवळ करड्या, वाळलेल्या झाडांचं एक रानच उभं आहे. भूकंपात तिथली जमीन खचली, समुद्राचं पाणी मुळांत शिरलं, झाडं जागच्या जागी मेली आणि मिठानं टिकून राहिली. गाडीतूनच दिसतात, पण थांबा. फक्त ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलावर उतरू नका. वरून घट्ट दिसतो, पाय रुतला की निघत नाही आणि भरती जोरात येते.

तिथून पुढं व्हिटिअरचा बोगदा. चार किलोमीटर, एकच लेन, त्यातच रेल्वेचे रूळ. अर्धा तास इकडची वाहनं, अर्धा तास तिकडची, मध्ये रेल्वे. रात्री बंद. आणि व्हिटिअर गावातली बहुतेक सगळी माणसं एकाच चौदा मजली इमारतीत राहतात.

भडंगप्रेमी
म्हणजे खंबाटकीचा बोगदा, त्यात दोन्हीकडची वाहनं आणि वर कोयना एक्सप्रेस.

चालक मालक कराड
मी त्या बोगद्यात मोटरहोम घालणार न्हाई. पायी जाईन.

सांगलीची सून
आतापर्यंत नुसती वाचत होते. दोन गोष्टी राहिल्यात.

एक, विमा. तुमच्या आई-बाबांना बीपी किंवा साखर असेल तर आधीच्या आजारांसकट कव्हर देणारा घ्या. जहाजावर दवाखाना असतो पण बिल डॉलरमध्ये. आणि लहान बंदरातून माणसाला विमानानं हलवायची वेळ आली तर तो खर्च ऐकवत नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

दुसरी, उजेड. मुलं रात्री अकराला उन्हात खेळत बसतात आणि झोपत नाहीत. जहाजावर जाड पडदे असतात. मोटरहोममध्ये पुढच्या काचेतून उजेड येतोच. डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या न्या, चिडचिड निम्मी होते.

डोंगरभटक्या (सातारा)
तिसरा पर्याय कुणी बोलला नाही. सरकारी फेरी. अलास्का मरीन हायवे, 1963 पासून चालते. सिएटलच्या वर बेलिंगहॅमहून सुटते, तुमची गाडी पोटात घेते आणि केचिकन, ज्युनो करत वर जाते. केबिन नसेल तर लोक वरच्या डेकवर स्लीपिंग बॅग टाकून झोपतात. ना कॅसिनो, ना शो. मला जायचं झालं तर हीच.

ज्युनोला बाहेरून रस्ताच नाही हे वाचून मात्र गंमत वाटली. राज्याची राजधानी, आणि जायचं तर जहाजानं किंवा विमानानं. तिथं आता क्रूझची गर्दी इतकी की 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं घेतात.

सिएटलकर मिरजवाला
फेरी सुरेख आहे, पण वेळापत्रक विरळ आणि बिघाड झाला की फेरीच रद्द होते. शाळेची तारीख डोक्यावर असलेल्यानं करू नये. तुम्ही एकटे जा, आणि वर्णन इथंच लिहा.

विश्रामबागकर, माझा सल्ला. व्हँकूव्हरहून उत्तरेकडची सात रात्रींची क्रूझ, आठही जणांनी. सुअर्डला उतरलात तर त्याच दिवशी अँकरेजला पळू नका. तिथं राहा, एक्झिट ग्लेशियर बघा. वाटेवर सालांच्या पाट्या आहेत, त्या त्या वर्षी बर्फ कुठवर होता ते सांगणाऱ्या. बर्फाच्या टोकाशी पोचेपर्यंत चढ आहे, पण पाट्या आईंना गाडीतूनही दिसतील. मग अँकरेजमधून साधी मोठी व्हॅन भाड्यानं, टॉकीटना आणि डेनाली, साध्या केबिनमध्ये मुक्काम. अँकरेज ते डेनाली 380 किलोमीटर, चार-पाच तास. शिखर दिसेलच असं नाही. ढग इतके असतात की तीनातल्या एकालाच ते दिसतं असं तिथं सांगतात. म्हणून त्या बाजूला किमान तीन रात्री ठेवा, एक नको.

आणि मोटरहोमची हौस असेल तर दाजींना म्हणावं, आधी सिएटलजवळच एका शनिवार-रविवारला भाड्यानं घ्या, आणि टाकी स्वतः रिकामी करा. त्यानंतर तुम्हाला लिंक येतात का बघा.

विश्रामबागकर
सगळ्यांचे आभार. घरी काल बैठक झाली. टाकीचा प्रश्न विचारला. एकही हात वर आला नाही. बहिणीनं व्हिडिओ कॉलवर दाजींकडं बघितलं, दाजी नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे म्हणाले.

तर ठरलं ते असं: व्हँकूव्हरहून वर, आई-बाबांना बाल्कनी, बाकी सगळे आत. पुढं व्हॅन. बहीण-दाजी एच-वन-बीवरच आहेत, कॅनडाच्या व्हिसाचं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, ते काम त्यांनी लगेच काढलं. आमच्या मुंबईच्या तारखेसाठी या आठवड्यात फॉर्म भरतो.

व्हॅन आठ जण आणि सामान मिळून पुरेल का? बारा सीटची बघावी की दोन लहान गाड्या? बाबांची अट आहे, एक तरी गाडी त्यांना रिकाम्या रस्त्यावर थोडी चालवायला मिळालीच पाहिजे. आंतरराष्ट्रीय परवान्याचे कागद त्यांनी स्वतःच गोळा करायला घेतलेत.

चालक मालक कराड
दोन लहान गाड्या. बारा सीटरमध्ये माणसं बसली की मागं बॅगा मावत न्हाईत, आणि सगळ्यांनी एकाच वेळी लघवीला थांबायचं म्हणजे दिवस जातो. लहान गाडी बाबांना द्या, ऑटोमॅटिक. पहिला अर्धा तास मोकळ्या पार्किंगमध्ये, दाजी शेजारी. फक्त एक सांगून ठेवा, डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर जातो. तो सीटच्या खाली मागं घेऊन बसायचं.

विश्रामबागकर
वाचून दाखवलं. बाबा म्हणतात, "कराडचा माणूस शहाणा आहे, पण दाजी शेजारी कशाला?"